आठ भागांचं राज्य: ‘इनह्यूमन्स’ आणि तिचे नाराज प्रेक्षक

२९ सप्टेंबर २०१७ रोजी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर मार्व्हलच्या अतिमानवांची ‘इनह्यूमन्स’ ही मालिका सुरू झाली आणि १० नोव्हेंबरला संपली. भाग झाले आठ. मे २०१८ मध्ये वाहिनीने मालिका बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण तोवर त्यात बातमी म्हणावं असं काही उरलं नव्हतं. समीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांची पसंती ११ टक्क्यांवर थांबली होती. मार्व्हलचं नाव लावून आलेल्या कलाकृतींमध्ये हा आकडा इतका खाली क्वचितच जातो.

समीक्षकांचं एकवेळ बाजूला ठेवू. प्रेक्षकांचं मत मात्र एकरंगी नव्हतं. प्रेक्षक जिथे गुण देतात त्या आयएमडीबी या संकेतस्थळावर तिला दहापैकी पाचच्या आसपास गुण आहेत. म्हणजे एकच गुण देणारे पुष्कळ आणि ‘एवढी काही वाईट नाही’ म्हणत सात-आठ देणारेही बऱ्यापैकी. मालिका लवकर बंद पडली की कारणं दोनच सांगितली जातात, प्रेक्षकांना कळली नाही किंवा निर्मात्यांनी माती खाल्ली. इथे दुसरं कारण बरंचसं खरं आहे. तरी प्रेक्षकांनी ज्या गोष्टीची सर्वांत जास्त टर उडवली तिच्यावर त्यांचा राग खरा नव्हता, आणि ज्याचा खरा राग होता ते त्यांनी बाकीच्या तक्रारींच्या गर्दीत एखाद-दुसऱ्या वाक्यात सांगून टाकलं, असं माझं मत आहे. म्हणून हे प्रकरण तपासण्यासारखं वाटतं.

मुळात ही मालिका होणारच नव्हती. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६५ मध्ये ‘फँटॅस्टिक फोर’च्या अंकांतून हे राजघराणं वाचकांपुढे आणलं. मालिकेत चंद्रावर लपलेलं ॲटिलान नावाचं नगर, तिथला राजा ब्लॅक बोल्ट, त्याची राणी मेड्युसा आणि आजूबाजूला भावंडं, चुलत भावंडं. राजाच्या आवाजात इतकी ताकद की तो कुजबुजला तरी भिंती कोसळतात, म्हणून तो कधीच बोलत नाही. राणीचे लांबसडक लाल केस हातांसारखे काम करतात, उचलतात, गुंडाळतात, गळाही आवळतात. या मंडळींवर मार्व्हल स्टुडिओज सिनेमा काढणार होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये पुढच्या सिनेमांची मोठी यादी जाहीर झाली, तीत ‘इनह्यूमन्स’ला नोव्हेंबर २०१८ ची तारीख मिळाली होती. ती जुलै २०१९ वर ढकलली गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये सिनेमा वेळापत्रकातूनच गायब झाला. नोव्हेंबर २०१६ मध्ये तेच नाव टीव्ही मालिका म्हणून परत आलं.

चाहत्यांचा पहिला संशय इथलाच. त्या काळात मार्व्हलच्याच एक्स-मेन या ‘म्युटंट’ अतिमानवांचे सिनेमाचे हक्क फॉक्स या दुसऱ्या कंपनीकडे होते. जन्मजात शक्ती असलेली आणि समाजापासून तुटलेली मंडळी मार्व्हलला स्वतःच्या घरात हवी होती, म्हणून इनह्यूमन्सना पुढे रेटलं जातंय, असं कॉमिक्सचे वाचक उघड बोलत होते. त्यात तथ्य किती हा वाद वेगळा. पण ‘ही मंडळी कुणाच्या तरी बदली आलीत’ ही भावना मनात घेऊन प्रेक्षक पडद्यासमोर बसला. त्यातच मालिकेची सूत्रं स्कॉट बक यांच्याकडे गेली. त्यांची ‘आयर्न फिस्ट’ मार्च २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आली होती आणि तिच्यावर भरपूर तोंडसुख घेऊन झालं होतं. ‘डेक्स्टर’चा ज्याच्या नावाने आजही बोटं मोडली जातात तो शेवटही त्यांच्याच कारकिर्दीतला. पहिलं दृश्य दिसायच्या आधीच विश्वासाचं खातं वजाबाकीत होतं.

मग आला आयमॅक्सचा, म्हणजे अवाढव्य पडद्याच्या चित्रपटगृहांचा, निर्णय. माझ्या लेखी या प्रकरणातली सगळ्यांत महागात पडलेली चूक ही.

पहिले दोन भाग आयमॅक्सच्या कॅमेऱ्यांवर चित्रित करायचे, जोडून सव्वा तासाच्या आसपासचा तुकडा बनवायचा, १ सप्टेंबर २०१७ पासून दोन आठवडे आयमॅक्सच्या पडद्यांवर दाखवायचा आणि महिनाअखेरीस टीव्हीवर मालिका सुरू करायची, अशी योजना होती. कल्पना हवेतून आली नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या चौथ्या पर्वाचे शेवटचे दोन भाग आयमॅक्सवर दाखवले होते आणि लोक हौसेने गेले होते. पण त्या लोकांनी चार पर्वं घरी बसून पाहिली होती. माणसं ओळखीची, वैर ओळखीचं, हवा होता फक्त मोठा पडदा. ‘इनह्यूमन्स’च्या प्रेक्षकाने खिशातून पैसे काढले ते अनोळखी माणसांच्या अर्धवट गोष्टीसाठी, आणि उरलेली गोष्ट महिनाभराने घरी फुकट दिसणार हेही त्याला ठाऊक होतं.

पुढे आयमॅक्सच्या वरिष्ठांनीही मान्य केलं की हा सिनेमा आहे की मालिका याबद्दल लोकांचा गोंधळ झाला, आणि मार्व्हलचं नाव पाहून त्यांनी सिनेमाच्या तोडीची अपेक्षा धरली. प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत हेच वेगळ्या शब्दांत सापडतं. ‘स्वस्त वाटतं’ हे या मालिकेबद्दल सर्वांत जास्त वेळा लिहिलं गेलेलं वाक्य असावं. ॲटिलानच्या राजवाड्यातल्या उघड्याबोडक्या काँक्रीटच्या भिंती, फर्निचर नसलेली दालनं, एकसारखे बोळ. चित्रीकरण हवाईतल्या ओआहू बेटावर झालं, राजवाड्याचे बरेच प्रसंग बार्बर्स पॉइंटच्या जुन्या नौदल तळाच्या परिसरात. ते तसंच दिसतं. सरकारी गोदामात राजदरबार भरल्यासारखं. घरच्या टीव्हीवर नजर यावरून घसरून गेली असती, पाच मजली पडद्यावर भिंतीचा प्रत्येक सांधा मोजता येतो. पहिल्या दोन भागांचे दिग्दर्शक रोल राइने यांना कमी वेळात आणि मोजक्या पैशांत मारधाडीचे चित्रपट करण्याचा अनुभव होता, आणि हवाईचे कडे, धबधबे, समुद्र त्यांनी छान टिपलेत. पण प्रेक्षक निसर्ग पाहायला आला नव्हता, चंद्रावरचं नगर पाहायला आला होता.

आता त्या केसांकडे.

जून २०१७ मध्ये पहिली झलक आली आणि मेड्युसाच्या लाल केसांवरून जी थट्टा सुरू झाली ती थांबलीच नाही. टोप स्वस्तातला दिसतो, रंग भडक आहे, केस हलतात तेव्हा संगणकावर काढलेले आहेत हे आंधळ्यालाही कळेल, वगैरे. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टीव्ही पत्रकारांच्या बैठकीतही प्रश्न त्याच सुरात आले आणि मार्व्हल टेलिव्हिजनचे प्रमुख जेफ लोब यांना ‘तुम्ही पाहिलंत ते पूर्ण झालेलं काम नाही’ असं सांगावं लागलं. तोवर टोप हीच मालिकेची ओळख होऊन बसली होती.

पुढे पहिल्याच भागात काय होतं? राजाचा भाऊ मॅक्सिमस बंड करतो, राणीला पकडतो आणि यंत्राने तिचे केस मुळापासून भादरतो. प्रेक्षकांची पहिली प्रतिक्रिया अर्थातच कुत्सित होती: टोप जमला नाही म्हणून कापून टाकला, संगणकाचा खर्च वाचला. हा विनोद इतका पसरला की दृश्याकडे धड कुणी पाहिलंच नाही. ते नीट पाहिलं तर अख्ख्या मालिकेतलं एकमेव धाडसी दृश्य आहे. सेरिंडा स्वान ते जीव ओतून करते. केस हेच जिचे हात, जिचं शस्त्र, त्या बाईवर घरातल्याच माणसाने केलेला हा हल्ला आहे, आणि कॅमेरा तिथून नजर वळवत नाही. अनेक प्रेक्षकांनी, विशेषतः बायकांनी, ते पाहवलं नाही असं लिहिलं. अंगावर येतं म्हणून हे दृश्य कमअस्सल ठरत नाही. आपल्याकडे केशवपनाचा इतिहास आहे, त्यामुळे मराठी प्रेक्षकाला या दृश्याचं वजन कुणी समजावून सांगायची गरज पडू नये.

अडचण त्या दृश्यानंतर सुरू होते. ते एकटं असतं तर चाललं असतं. पण मालिका राजघराण्यातल्या प्रत्येकाशी तेच करते. लॉकजॉ नावाचा अवाढव्य कुत्रा क्षणात कुठूनही कुठेही नेऊ शकतो, तो सगळ्यांना जीव वाचवण्यासाठी पृथ्वीवर आणतो आणि एकेकाला ओआहूच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत सोडतो. कार्नाकला प्रत्येक गोष्टीतला कच्चा दुवा आपोआप दिसतो, तो कड्यावरून पडतो, डोक्याला मार लागतो आणि ती दृष्टी मंदावते. मेड्युसाचे केस गेलेले. ब्लॅक बोल्ट तोंड उघडू शकत नाही, तो होनोलुलूच्या रस्त्यावर पोलिसांच्या हाती लागून कोठडीत जातो. राणीची बहीण क्रिस्टल आणि लॉकजॉ पृथ्वीवर पोहोचतात तर कुत्र्यालाच गाडीची धडक बसते आणि तो जखमी होऊन पडून राहतो. उरला गॉर्गन, त्याचे खूर आणि त्याची लाथ शाबूत, पण त्याच्या वाट्याला समुद्रकिनाऱ्यावर भेटलेल्या माणसांबरोबरच्या गप्पा जास्त येतात.

अतिमानवांच्या मालिकेत प्रेक्षकाशी एक न लिहिलेला करार असतो. शक्ती काढून घेता येते, पण आधी ती दाखवावी लागते. मेड्युसाचे केस पूर्ण ताकदीने लढताना आपण पोटभर पाहिले असते तर त्यांचं जाणं जिव्हारी लागलं असतं. इथे ओळख होते न होते तोच कात्री चालते. ‘शक्ती नसलेले सुपरहिरो पाहायला पैसे कशाला द्यायचे’ असं कितीतरी जणांनी साध्या भाषेत विचारलं होतं. तो प्रश्न टोपाच्या गोंगाटात बुडाला. निर्मात्यांची गरज उघड होती, पैसा मोजका आणि दर भागात संगणकीय करामती परवडणाऱ्या नव्हत्या. पण खर्चाची सोय म्हणून घेतलेला निर्णय पटकथेत कारणाशिवाय उतरला की तो लगेच ओळखू येतो, आणि प्रेक्षकाने तो ओळखला.

याच निर्णयाचा दुसरा फटका कमी बोलला गेला. ब्लॅक बोल्ट मुका आहे. कॉमिकमध्ये मुका नायक चालतो, चौकटीच्या कोपऱ्यात दोन ओळी लिहिल्या की काम भागतं. टीव्हीवर त्याच्या मनातलं कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते काम मेड्युसाचं होतं. ती त्याच्या खुणा वाचते, त्याच्या वतीने बोलते, कधी त्याच्या म्हणण्याला स्वतःची धार देते. ॲन्सन माउंटने या भूमिकेसाठी प्रचलित खुणांची भाषा न उचलता राजाची स्वतःची हस्तभाषा तयार केली होती. दरबारातल्या सुरुवातीच्या प्रसंगांत नवरा-बायकोचा हा खेळ रंगतो. आणि मग लेखक दोघांना बेटाच्या दोन टोकांना टाकतात! मधल्या भागांपर्यंत राजा एकटा भटकतो, कपड्यांच्या दुकानात शिरून सूट उचलतो, कोठडीत बसतो, त्याच्या खुणा कुणाला कळत नाहीत आणि आपल्यालाही नाहीत. नायक कंटाळवाणा आहे, नुसता भुवया उडवतो, अशी तक्रार तेव्हा सर्रास होती. नटावर ती अन्यायाची होती. त्याच्या तोंडचा दुभाष्या लेखकांनीच हिरावून घेतला होता.

प्रेक्षक सर्वांत हुशार ठरले ते खलनायकाच्या बाबतीत. ॲटिलानमध्ये मुलं ठरावीक वयाची झाली की त्यांच्यावर टेरिजेनेसिसचा संस्कार होतो आणि त्यांची शक्ती प्रकट होते. पहिल्याच भागात बहीण-भावाचा सोहळा दिसतो. बहिणीला फुलपाखरासारखे पंख फुटतात, टाळ्या पडतात. भावात वरवर काहीच बदलत नाही, आणि त्याचं भविष्य ठरून जातं: खाणीत काम. शहर यावरच चाललेलं आहे. वर राजघराणं आणि चमकदार शक्तीवाले, खाली खाणीत राबणारे, आणि वाटणी अशी की माणसाच्या कर्तृत्वाचा तिच्याशी काही संबंध नाही. मॅक्सिमस स्वतः या संस्कारातून साधा माणूस होऊन बाहेर पडलेला आहे. ही व्यवस्था मोडू, पृथ्वीवर जाऊ, सगळ्यांना जागा मिळेल, असं तो म्हणतो.

बहुतेक प्रेक्षकांनी पहिल्या दोन भागांतच विचारलं: मग याचं चुकलं काय? इंग्रजी प्रतिक्रियांत या व्यवस्थेसाठी वारंवार ‘कास्ट’ हा शब्द येतो, आणि तो लावायला भारतीय असण्याची गरज पडली नव्हती. आपल्याला तर ते चित्र दोन मिनिटांत ओळखू येतं. मालिकेची गंमत म्हणा की शोकांतिका, लेखकांनाही हे अधूनमधून दिसतं. राजा-राणी पृथ्वीवर साध्या माणसांमध्ये वावरताना थोडे विचारात पडतात, राणी नंतर राजाला दोन शब्द सुनावतेही. पण मॅक्सिमसचा मुद्दा जड जाऊ लागला की लेखक त्याला आणखी क्रूर करतात, खोटं बोलायला लावतात, माणसं मारायला लावतात, जेणेकरून त्याला हरवणं प्रेक्षकाला पटावं. माणूस वाईट आहे हे सिद्ध केल्याने त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही, आणि एवढं कळण्याइतका प्रेक्षक शहाणा होता. मॅक्सिमस झालेला इवान रॉन ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधला रॅम्सी बोल्टन म्हणून आधीच बदनाम होता. अनेकांनी लिहिलं की तोच नट, तेच कुत्सित हसणं, आणि तरी या वेळी आम्ही त्याच्या बाजूला.

माझ्या मते मालिका बुडाली ती इथे. भिंती काँक्रीटच्या असल्या, केस प्लॅस्टिकचे वाटले, तरी लोक रमतात. गोष्ट कुणाच्या बाजूने उभी आहे हे पटलं पाहिजे. ज्या राजघराण्याचं राज्य परत मिळावं म्हणून आठ भाग जीव टांगणीला लावायचा, ते परत मिळालं तर खाणीतल्या माणसांचं काय, याचं उत्तर मालिकेकडे शेवटच्या भागापर्यंत नव्हतं. शेवटी ॲटिलानच कोसळतं, सगळी प्रजा पृथ्वीवर येते आणि मॅक्सिमस तळघरात कोंडला जातो. म्हणजे त्याची अर्धी मागणी पूर्ण झाली, फक्त ती त्याच्या हातून झाली नाही. यावर दुसरं पर्व चांगलं रचता आलं असतं.

मालिकेच्या बाजूने बोलणारेही होते आणि त्यांची बाजू अगदीच टाकाऊ नाही. कार्नाक आणि गॉर्गन यांची जोडी त्यांना आवडली. केन लिअँगचा कार्नाक तुसडा, हिशोबी, आणि म्हणूनच मार लागल्यावर गांजाची शेती करणाऱ्यांच्या तावडीत सापडलेला कार्नाक विनोदी वाटतो. सहाव्या भागात गॉर्गन मरतो तेव्हा कार्नाकचं कोसळणं खरं वाटलं असं अनेकांनी लिहिलं. लगेचच त्याला पुन्हा जिवंत केल्यावर त्यातल्या निम्म्यांनी कपाळावर हातही मारला. लॉकजॉ तर सर्वांचाच लाडका, आणि तो फार थोडा वेळ दिसतो ही सर्वांचीच तक्रार. उत्तरार्धात सगळे एकत्र आल्यावर मालिका सुधारते, हेही खरं आहे. पण शुक्रवारची रात्र, अमेरिकन टीव्हीवर एरवीही ओस पडलेली वेळ, त्यात सुधारणा बघायला थांबणार कोण? पहिल्या रात्री सुमारे ३८ लाख लोकांनी पाहिलेली मालिका संपेपर्यंत साधारण निम्म्यावर आली होती.

‘एजंट्स ऑफ शील्ड’च्या चाहत्यांचा गट वेगळाच नाराज होता. त्याच वाहिनीवरच्या त्या मालिकेने दुसऱ्या पर्वापासून इनह्यूमन्सची गोष्ट सांगायला घेतली होती, डेझीसारखी नायिका त्यातूनच घडवली होती, तीही बेताच्याच पैशात. त्या प्रेक्षकांना हा विषय आपला वाटत होता. नव्या मालिकेने त्या सगळ्याची जेमतेम दखल घेतली, दोन्हींची गाठ कधी पडलीच नाही. ‘इनह्यूमन्स’ संपल्यावर १ डिसेंबर २०१७ पासून शुक्रवारची जागा त्याच ‘शील्ड’ला मिळाली आणि ती मालिका २०२० पर्यंत, सात पर्वं चालली. चाहत्यांना यात सूड उगवल्याचा आनंद झाला. खरं तर एकाच कंपनीची दोन दुकानं होती.

डिसेंबर २०१९ मध्ये मार्व्हल टेलिव्हिजन हा विभागच मार्व्हल स्टुडिओजमध्ये विलीन झाला. एकट्या ‘इनह्यूमन्स’मुळे तसं झालं म्हणणं बालिशपणाचं ठरेल, त्यामागे कंपनीतली अंतर्गत ओढाताण बरीच जुनी होती. पण टीव्हीवरच्या अतिमानवांना सिनेमाच्या तोडीचा पैसा आणि तीच माणसं हवीत, हा पुढचा निर्णय घेताना हे ताजं उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर असणारच.

नटावर राग नव्हता याचा पुरावा मे २०२२ मध्ये मिळाला. ‘डॉक्टर स्ट्रेंज’च्या दुसऱ्या चित्रपटात दुसऱ्याच विश्वातला ब्लॅक बोल्ट म्हणून ॲन्सन माउंट परत आला, या वेळी कॉमिकमधल्यासारखा पोशाख आणि मुखवटा घालून. पडद्यावर तो काही मिनिटंच आहे. एक कुजबुज, समोरच्याचा अंत, आणि पुढे स्वतःचाही भयंकर शेवट. प्रेक्षक खूश झाले. जे आठ भागांत मागत होते ते त्यांना एका वाक्यात मिळालं: त्याचा आवाज काय करू शकतो ते दिसलं. स्वतः माउंट तोवर ‘स्टार ट्रेक’मध्ये कॅप्टन पाइक म्हणून लोकांच्या गळ्यातला ताईत झाला होता, आणि ती भूमिका बोलण्यावरच चालते.

इनह्यूमन्स या नावाचं मात्र तसं पुनर्वसन झालं नाही. कॉमिक्समध्ये मिस मार्व्हल, म्हणजे कमला खान, हिची शक्ती टेरिजेनेसिसमधून आलेली होती, ती इनह्यूमनच होती. २०२२ च्या मालिकेत तिची कुळकथा बदलली. जुलैमध्ये आलेल्या शेवटच्या भागात तिच्या जनुकांत काहीतरी वेगळं असल्याचं तिला सांगितलं जातं, शब्द वापरला जातो ‘म्युटेशन’, आणि मागे एक्स-मेनच्या जुन्या कार्टून मालिकेची धून वाजते. तोवर मार्व्हलची मालक कंपनी डिस्नेने फॉक्स विकत घेऊन तीन वर्षं झाली होती आणि एक्स-मेन घरी आले होते.